सतरा रेघांचं आडनाव

“आडनाव तांबडंच ना, गुरुजी?” अक्षरं रंगवणाऱ्या बाईने विचारलं, आणि याओ गुरुजींना उत्तर सुचलं नाही.

तिने ते उत्तरासाठी विचारलंही नव्हतं. वसंतात थडगी झाडायचे दिवस आले की निंगबो शहराबाहेरच्या या टेकडीवर अशा बाया हिंडत असतात. मनगटाला दोन डबे अडकवलेले, एकात तांबडा रंग, एकात काळा. वर्षभराच्या पावसाने फिकी पडलेली दगडावरची अक्षरं त्या पुन्हा गिरवून देतात. आडनाव तांबड्याने, नाव काळ्याने. माणूस मरतो, आडनाव मरत नाही, म्हणून. मागच्या दोन्ही वर्षी मुलाच्या दगडापुढे उभं राहून गुरुजींनी नुसती मान हलवली होती. आज मान हलेना. बाईने कुंचला तांबड्यात बुडवून दगडाजवळ नेला होता आणि ती थांबली होती. कुंचल्याच्या टोकाशी रंग जमत गेला, फुगला, लोंबू लागला. गुरुजींना वाटलं, हा थेंब पडायच्या आत बोललं पाहिजे. बोलायचं काय ते मात्र कळत नव्हतं; तांबडं नाही तर मग काय, काळं? आडनाव काळं रंगवा असं आजवर या टेकडीवर कोणी म्हटलं असेल का? “बरं वाटत नाही का काका?” बाई म्हणाली. “करा,” ते म्हणाले, “तांबडंच करा.” आवाज वर्गातला निघाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि शेजारच्या थडग्यापुढे संत्री मांडत असलेल्या कुटुंबाने वळून पाहिलं. बाई हसली. म्हणाली, मला वाटलं तुमच्याकडे नवी पद्धत निघाली; हल्ली लोक काय काय मागतात, परवा एकाने सोनेरी मागितलं. मग ती खाली वाकली. दगडाच्या डाव्या कोपऱ्यात, ज्यांनी दगड उभा केला त्यांची नावं बारीक अक्षरांत कोरली होती. ‘मुलगी, याओ श्याओमान.’ जिवंत माणसाचं म्हणून ते सगळंच तांबडं करायचं. ते करताना बाईने सहज विचारलं, पोर आली नाही वाटतं? गुरुजींनी सांगितलं की तिच्या आईला दिवस गेलेत, पोटुशी बाईने थडग्याकडे येऊ नये, म्हणून पोरही घरी राहिली. बाईने हात थांबवून दगडावरची मुलाच्या मृत्यूची तारीख पाहिली, मग गुरुजींकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रूयुन तेच सांगायला आली होती. सून म्हणून सात वर्षं ती याच घरात वावरली होती. आता नदीपलीकडे नव्या नवऱ्याच्या, शेनच्या घरी राहत होती, पण दर शुक्रवारी पोरीला घेऊन जेवायला यायची आणि स्वैपाकघरात शिरून पूर्वीसारखंच गुरुजींना बाहेर काढायची. शेन वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायचा. तो इतका भला माणूस होता की त्याच्यावर रागवायलाही कुठे जागा सापडत नसे. लग्नाआधी तो खेकडे घेऊन गुरुजींना भेटायला आला होता आणि उभ्यानेच म्हणाला होता, मी तुमच्या मुलाची जागा घ्यायला आलेलो नाही. त्या वाक्याची त्याने जिन्यावर तालीम केली असणार, कारण ते बोलून होताच त्याचे खांदे खाली आले. शुक्रवारी रूयुनने गुरुजींच्या वाडग्यात माशाचा गालाकडचा मऊ तुकडा घातला, तेव्हाच त्यांना कळलं की काहीतरी मागणं आहे. सप्टेंबरात श्याओमान, घरातली मानमान, शाळेत जाणार. पोटातलं बाळ ऑगस्टात येईल, त्याचं आडनाव शेन असेल. एका घरात आईचं लग्नानंतरही राहिलेलं माहेरचं आडनाव एक, भावंडांची दोन. पोरं शाळेत विचारतात, चिडवतात. तेव्हा शाळेत नाव घालायच्या आधीच मानमानचं आडनाव बदलून घ्यावं असं त्या दोघांना वाटत होतं. नोंदणीच्या खिडकीवर त्यांनी चौकशी केली होती. बाप हयात नाही, तर आजोबांची हरकत नसल्याची सही आणा, म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी खिडकी उघडेल.

“बघू,” गुरुजी म्हणाले होते.

रूयुनने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण बघू म्हणू नका. तुमचं बघू मला ठाऊक आहे. तुमचा मुलगाही असंच बघू म्हणायचा, डॉक्टरकडे जायला.”

रात्रभर गुरुजी त्या वाक्याला उत्तर देत राहिले आणि सकाळी उठले तेव्हा एकही उत्तर शिल्लक नव्हतं.

टेकडीवरून उतरताना बसमध्ये गर्दी होती, पण कोणीतरी उठून त्यांना जागा दिली. सगळ्यांच्या बुटांना तीच पिवळी माती लागलेली होती. गुरुजींच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दवण्यासारख्या वासाच्या पाल्याचे हिरवे लाडू होते. मुलापुढे ठेवून परत आणलेले. खिडकीबाहेर कारखान्यांच्या भिंती मागे जात होत्या आणि त्यांना शनिवारची दुपार आठवत होती. रूयुन पोरीला त्यांच्याकडे सोडून बाजारात गेली होती आणि मानमान टेबलाशी बसून नोंदणीचा कोरा अर्ज उलटसुलट करत होती. तिने पहिल्याच चौकटीतल्या अक्षरावर बोट ठेवलं. “आजोबा, हे काय आहे?” ते ‘आडनाव’ होतं. अडतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं अक्षर. गुरुजींचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. कुठल्याही मुलाने ‘हे काय आहे’ म्हटलं की तो जातोच. त्यांनी तिला मोठं करून काढून दाखवलं. डावीकडे ही बाई आहे बघ, हात जुळवून बसलेली. उजवीकडे हा कोंब आहे, जमिनीतून नुकता वर आलेला; म्हणजे जन्मणं. बाई आणि जन्म, दोन्ही शेजारी ठेवले की झालं आडनाव. मानमानने बराच वेळ पाहिलं. तिला बाई दिसली, कोंबही दिसला. मग म्हणाली, “म्हणजे बाईपासून जन्मलं ते आडनाव. मग माझं आईचं का नाही?” गुरुजी म्हणाले, विचारायला तुला उशीर झाला, तीन हजार वर्षं. ती हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. तिने विचारलं, याओ लिहायला किती रेघा? नऊ. आणि शेन? सात. “दोन रेघा वाचल्या,” ती म्हणाली, आणि समाधानाने अर्जाच्या मागच्या बाजूला मांजर काढायला लागली.

दोन रेघा वाचल्या. बसच्या काचेवर गुरुजींच्या बोटाने नकळत काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं. वर्गात हे अक्षर शिकवताना ते एक वाक्य नेहमी गाळायचे. जुनी माणसं या अक्षराचा उलगडा करताना सांगत, की फार पूर्वी पोरांना आई ठाऊक असे, बाप ठाऊक नसे, म्हणून आडनावात बाई आली. सहा वर्षांच्या मुलांना हे कशाला, असं ते इतर शिक्षकांना सांगत, आणि शिक्षकांना ते पटे. पण खरं कारण ते नव्हतं. ते वाक्य तोंडाशी आलं की त्यांच्या पायाखाली होडी हलायची. काळ्या छताची लहान होडी, आईच्या मांडीवर बोचकं, आणि आई त्यांच्याकडे न बघता पाण्याकडे बघत म्हणाली होती, आजपासून तुझं आडनाव याओ. तेव्हा तेही सहा वर्षांचे होते. त्याआधी ते यिंग होते. बाप गेला होता, त्याचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. बापाचा बाप मात्र होता. त्यांचे आजोबा बांबूच्या टोपल्या विणायचे आणि नातवाला पुढ्यात घेऊन ओल्या राखेत काडीने एकच अक्षर गिरवायला लावायचे. त्यांना स्वतःला तेवढंच येत होतं. त्या काळी ‘यिंग’ सतरा रेघांचं होतं, छताखाली माणूस, पक्षी आणि सगळ्यात खाली काळीज. शेवटच्या चार रेघा काळजाच्या. सरकारने पुढे अक्षरं सोपी केली तेव्हा त्याच्या सात रेघा झाल्या, काळीज गेलं, आणि याओ गुरुजींनी खडूने फळ्यावर ते सात रेघांचं शिकवलं, इतर कुठल्याही अक्षरासारखं. सतरा रेघांचं त्यांनी पुन्हा कधी कुठे लिहिलं नाही. मुलाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, ती गेली तेव्हा याओंच्या घराण्यातली म्हणून गेली. आणि आता मुलाच्या दगडावर ते ‘याओ’ तांबडं लकाकत होतं. न मरणारं आडनाव. एका शिंप्याने आपल्या नव्या बायकोच्या पोराला अंगरख्यासारखं चढवलेलं.

शिंपी याओ वाईट माणूस असता तर सगळं सोपं झालं असतं. पण तो पोराला थंडीत आपल्या पायांशी झोपवायचा, स्वतः कोबीची देठं खाऊन पोराला पानं वाढायचा, आणि त्याने एकदाही हात उगारला नाही. पोराला शाळेत त्यानेच घातलं. नाव मात्र त्याने बदललं नाही. म्हणाला, ते थोरल्या माणसाने ठेवलंय, राहू दे. आडनावाचं काय, ते दाराबाहेर लागतं. पोर दोन महिन्यांत रुळलं. तीन महिन्यांत ‘याओ’ म्हटलं की वळून बघू लागलं. आणि त्या हिवाळ्यात एक दिवस वर्गाच्या दारात म्हातारा उभा राहिला. बांबूच्या सालींनी चिरलेले हात, हातात कागदाची पुडी, भाजलेल्या चेस्टनटांचा वास. मास्तरांना त्याने विचारलं, यिंगांचा पोर इथे आहे का? मास्तरांनी वर्गाला विचारलं, यिंग कोण आहे? कोणी हललं नाही. पुढच्या बाकावरचं एक पोर फिदीफिदी हसलं, मग सगळे हसले. तेही हसले. आज चौसष्ट वर्षांनी बसमध्ये बसून गुरुजींना त्या हसण्याची गालावरची ओढ अजून जाणवत होती. खोटं हसताना गाल आखडतो तशी. म्हाताऱ्याने एकेका बाकावरून नजर फिरवली. ती त्यांच्यावर आली, थांबली, आणि पुढे गेली. त्याने ओळखलं होतं. न ओळखता इतकी अलगद नजर कोणाची पुढे जात नाही. तो मास्तरांना म्हणाला, “शाळा चुकली वाटतं.” आणि गेला. पुन्हा आला नाही. आईनेही त्याचा विषय काढला नाही. पुढे अडतीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेताना, मूल उभं राहून ‘हजर’ म्हणेपर्यंत जे एक क्षणभर थांबावं लागतं, तेवढ्यात तो वर्ग पुन्हा एकदा गप्प व्हायचा. मुलं म्हणत, याओ गुरुजी हजेरी फार हळू घेतात.

म्हणून त्यांना कळत होतं की आपल्याला आडनावाचं दुःख नाही. ते कधी आपलं नव्हतंच. जे आपण उसनं घेतलं ते पुढे गेलं काय आणि थांबलं काय. भीती वेगळी होती. मानमान रुळेल. दोन महिन्यांत, तीन महिन्यांत. शेन भला आहे, म्हणून तर लवकरच रुळेल. मग बाळ येईल, शुक्रवार हळूहळू गळतील, एखाद्या वर्षी आपण पुडी घेऊन शाळेच्या दारात उभे राहू आणि ती हसेल. त्यात तिचा दोष नसेल. पोरांची जात पाण्यासारखी, ओताल त्या भांड्याची होते. हे त्यांनी स्वतःच कितीतरी आयांना समजावून सांगितलं होतं. अडवायचं ठरवलं तर त्यांना अडवता येत होतं. एक सही न करणं एवढंच. पण सही न करून काय राहिलं असतं? शाळेच्या वहीवर नऊ रेघा. आणि त्या नऊ रेघा लिहिताना प्रत्येक वेळी, कोण्या म्हाताऱ्याच्या हट्टापायी दोन जास्त लिहाव्या लागतात, हे तिला ठाऊक असणं.

मंगळवारी त्यांनी सही केली. खिडकीपलीकडच्या तरुण मुलीने विचारलं, आजोबा, राजीखुशीने ना? गुरुजी हो म्हणाले. तिने शिक्का मारला. शेन बाहेर व्हरांड्यात उभा राहिला होता, आत आला नाही; त्याला वाटलं असावं की आपण आत जाणं बरं दिसणार नाही. रूयुनचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवायला पोरीची वेणी पुन्हा घालत होती. मानमानला खिडकीवरच्या मुलीने गंमत म्हणून विचारलं, काय गं नाव तुझं? ती मोठ्याने, स्पष्ट, एकही अक्षर न गिळता म्हणाली, “शेन श्याओमान.” गुरुजींना तिच्या उच्चाराचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं, आणि त्या कौतुकाखाली काहीतरी तुटून, आवाज न होता, पाण्यात पडल्यासारखं झालं. शेन म्हणाला, बाबा, चला, सगळे मिळून शेवया खाऊ. गुरुजी म्हणाले, मला एका ठिकाणी जायचंय. कुठे ते त्यांना स्वतःला स्थानकावर पोचल्यावर कळलं.

आजोबांचं गाव दोन तासांवर होतं. चौसष्ट वर्षं ते दोन तासांवरच होतं. बसमधून उतरल्यावर नदी त्यांना ओळखीची वाटली नाही, तिला आता दगडी काठ होता. पण बांबूंचा आवाज ओळखीचा वाटला, वर वारा आणि खाली काहीच नाही असा. वाटेतल्या अंगणात एक प्रौढ बाई बांबूचे कोवळे कोंब सोलत बसली होती. तिच्या भोवती सालींचा ढीग साचला होता. तिने मान वर करून विचारलं, कोणाकडे जायचंय? गुरुजी म्हणाले, इथल्या एका म्हाताऱ्याचं थडगं शोधायला आलोय, माझ्या आजोबांचं. बाईने स्टूल पुढे सरकवलं. “तुमचं आडनाव काय?”

“यिंग,” गुरुजी म्हणाले.

काही झालं नाही. बांबू वाजत होते तसेच वाजत राहिले. “इथे सगळेच यिंग,” बाई म्हणाली. “कुणाकडचे?”

त्यांनी सांगितलं, आजोबा बांबूच्या टोपल्या विणायचे. बाई म्हणाली, इथे सगळेच विणायचे. मग ती त्यांना समजावून सांगू लागली, मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं: रस्ता रुंद केला तेव्हा टेकडीवरची थडगी हलवली, ज्यांचं कोणी आलं नाही त्यांची हाडं मडक्यांत घालून देवळामागे ओळीने ठेवलीत, कोणाचं मडकं कुठलं ते देवळातल्या यादीत लिहून ठेवलंय. म्हाताऱ्यांनी आठवून आठवून नावं दिली होती. “तेव्हा अवघड काही नाही. आजोबांचं नाव सांगा, मी पोराला धाडून बघायला लावते.”

गुरुजींनी तोंड उघडलं. आजोबांना ते आजोबा म्हणत. आई त्यांना मामंजी म्हणे. शेजारीपाजारी म्हणत, यिंगदादा. थोरल्यांचं नाव पोराने घेऊ नये, कानावर पडलं तरी उच्चारू नये, हे राखेतल्या अक्षराच्याही आधी शिकवलेलं. आणि म्हणून ते कधी कानावरही पडलं नव्हतं. त्यांना हात आठवत होते, पुडीचा कागद आठवत होता, नजर आठवत होती. सतरा रेघा आठवत होत्या. त्या रेघांनंतर लिहायचं काही नव्हतं. “नाव नाही ठाऊक,” ते म्हणाले. बाईने पुढचा कोंब उचलला आणि सुरी फिरवताना हळू म्हणाली, “यादीत छत्तीस यिंग आहेत.”

देवळामागची मडकी त्यांनी पाहिली. सगळी सारखी, तपकिरी, झाकणांवर आकडे. ते पहिल्या मडक्यापासून शेवटच्यापर्यंत हळू हळू चालत गेले, प्रत्येकापुढे क्षणभर थांबले, आणि कुठल्याही मडक्यापुढे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. एवढ्यासाठी आलो का, असं मनात आलं. परतीच्या बसला पाऊण तास होता. थांब्याच्या बाकावर बसून त्यांनी खिशातून फोन काढला आणि रूयुनला लावला. फोन मानमानने उचलला. आई आडवी पडलीय म्हणाली, आणि शेवयांत दोन अंडी होती म्हणाली. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मानमान, एक सांग. माझं नाव काय?”

“आजोबा,” ती म्हणाली.

“तसं नव्हे. माझं नाव.”

तिच्या मागे कुठेतरी टीव्हीचा आवाज येत होता. “याओ,” ती चाचरत म्हणाली. “पुढचं मला कोणी सांगितलंच नाही. घेऊ नये ना ते?”

“आज घेतलं तरी चालेल,” गुरुजी म्हणाले. मग वर्गातल्या आवाजात, सावकाश, म्हणाले, “पेन्सिल आण. मी एकेक रेघ सांगतो.”